गळा आणि करार : शांता आपटे यांच्या कारकिर्दीवर एक संवाद

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात शांता आपटे यांचे नाव बहुधा दोन ठिकाणी येते. १९३७ च्या ‘कुंकू’मधील नीरेची भूमिका करणारी गायिका-अभिनेत्री म्हणून ते कलेच्या प्रकरणात येते, आणि जुलै १९३९ मध्ये पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी त्यांनी केलेल्या उपोषणाच्या निमित्ताने ते नटनट्यांच्या आठवणींत, एक चटकदार किस्सा म्हणून येते. या दोन उल्लेखांच्या मधल्या फटीत १९४० साली प्रसिद्ध झालेले ‘जाऊ मी सिनेमात?’ हे त्यांचे पुस्तक जवळजवळ हरवून गेले आहे. वास्तविक चित्रपटाच्या धंद्यात माणसाच्या श्रमाचे, शरीराचे आणि नावाचे काय होते, याचा त्या धंद्यातून गेलेल्या स्त्रीने मराठीत मांडलेला हा विचार त्यांच्या कोणत्याही गाण्याइतकाच त्यांच्या कर्तृत्वाचा भाग आहे. गळ्याची थोरवी मान्य करायची आणि कराराविषयीचे बोलणे मात्र स्वभावाच्या तिखटपणावर घालायचे, ही वाटणी न्याय्य नाही, अशी या लेखाची धारणा आहे. परंतु तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत, आणि म्हणून येथे दोन विरुद्ध भूमिका संवादाच्या रूपाने मांडल्या आहेत.

संवादक कल्पित आहेत आणि ते नागपूरचे आहेत. एक, संगीत आणि नाट्य हे विषय शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. दुसऱ्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात कामगारांची प्रकरणे चालवीत आलेल्या ज्येष्ठ वकीलबाई. नागपूरची निवड सहेतुक आहे. चित्रपटाच्या बाबतीत हे शहर निर्मात्यांचे नसून प्रेक्षकांचे राहिले. मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी असल्यामुळे येथे हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचा प्रेक्षक एकाच वस्तीत नांदत होता, आणि तो प्रांत नकाशावरून गेल्यानंतरही चित्रपटांच्या वितरणव्यवहारात ‘सी. पी. बेरार’ हे नाव टिकून राहिले. शिवाय हे गिरणीचे शहर होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली, आणि कामगार म्हणजे कोण, त्याचा हक्क कोणता व धन्याचा उपकार कोणता, या प्रश्नावर येथे पुण्या-कोल्हापूरपेक्षा आधी आणि अधिक कडाक्याने वाद झडले. प्रभातच्या फाटकाकडे या अंतरावरून पाहिले तर व्यक्तींच्या मानापमानापलीकडचे काही दिसते.

प्राध्यापक : वकीलबाई, फाटकापाशी पोहोचण्याआधी आत काय घडले ते पाहायला हवे. सोलापूर जिल्ह्यातल्या, कानडी मुलखाच्या कडेला असलेल्या दुधनीची ही मुलगी. पंढरपूरच्या संगीत विद्यालयात शिकलेली. भालजी पेंढारकरांच्या १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये राधा म्हणून पडद्यावर आली. दोनच वर्षांनी प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये आणि त्यानंतर दुर्गा खोटे यांच्यासमोर ‘अमरज्योती’मध्ये ती उभी राहिली. त्या काळी गाणारा नट म्हणजे काय होते, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा थांबत असे. नट पुढे येऊन, हात फारसे न हलवता, श्रोत्यांकडे तोंड करून गात असे, आणि बोलपटाने ही रीत जशीच्या तशी उचलली होती, कारण ध्वनिग्राहकाच्या टप्प्याबाहेर गेल्यास आवाज हरवत असे. शांताबाईंनी या ताठर चौकटीत डोळे, मान, बोटे आणि खांदे आणले. त्यांचे गाणे चेहऱ्यावरून वाहत असे. एखादी जागा घेताना भुवई उचलली जाई आणि तेवढ्याने पदाचा अर्थ बदलत असे. यामुळे गाणे हा कथेतला विराम न राहता पात्राचे बोलणे झाले. हे या अभिनेत्रीचे खरे कार्य आहे, बाकीचे सारे चरित्राचे सामान आहे.

वकीलबाई : सर, या वर्णनातला एकही शब्द नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, या कार्याला जे श्रम लागले ते मोजायचे की नाहीत. प्रभातचे बरेचसे बोलपट द्विभाषी होते. द्विभाषी म्हणजे नंतर आवाज बदललेले नव्हेत. तोच प्रसंग त्याच मांडणीत, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत, दोनदा उभा करून चित्रित केला जात असे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ हे दोन चित्रपट त्यामुळे एका अभिनेत्रीच्या अंगावरून दोनदा गेले आहेत. रडायचे ते दोनदा, संतापायचे ते दोनदा, आणि दिव्यांच्या उष्णतेत दोन भाषांची उच्चारशुद्धी सांभाळायची. नागपूरच्या प्रेक्षकाला एकाच नटीची नीरा दोन भाषांत लाभली, ती या दुप्पट कामामुळे. नटीचा पगार मात्र मासिक, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने ठरलेला; काम दोन भाषांत झाले म्हणून महिना दोनदा येत नाही.

प्राध्यापक : पण या दुपटीचा लाभ अभिनेत्रीलाही झाला. पेशावरपासून मद्रासपर्यंत नाव पोहोचले ते हिंदी आवृत्तीमुळेच.

वकीलबाई : नाव पोहोचले हे खरे. नावावर हक्क कोणाचा होता, हाच तर पुढचा वाद.

येथे ‘कुंकू’विषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण दोन्ही संवादक आपापल्या पुष्टीसाठी याच चित्रपटाकडे वळतात. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो दिग्दर्शित केला. पोरक्या नीरेला तिचे मामा-मामी फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या, काकासाहेबांच्या, गळ्यात बांधतात. ती त्या घरात येते, परंतु त्याची पत्नी म्हणून राहण्यास नकार देते, आणि हा नकार ती आरडाओरड्याने नव्हे तर रोजच्या वागण्यातून, बंद दारातून आणि सरळ नजरेतून पाळते. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिलेले नाही. मिशांना कलप लावणारा, आरशात स्वतःचे वय शोधणारा आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाने अस्वस्थ होणारा हा माणूस प्रेक्षकाची कीव मिळवतो. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. म्हणजे प्रसंगाचा भाव गडद करण्यासाठी मागून वाजवले जाणारे वाद्यसंगीत त्यात मुद्दाम टाळले असून घरातले, रस्त्यावरचे आवाजच तेवढे ऐकू येतात. केशवराव भोळे यांनी बांधलेली गाणीही त्यामुळे घरात जे ध्वनी संभवतात त्यांच्याच आधाराने उभी राहतात, आणि त्या उघड्या, आडोसा नसलेल्या ध्वनीत शांता आपटे यांचा गळा एकटा पडूनही डळमळत नाही. याच चित्रपटात त्या लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता गातात. १९३७ साली नऊवारी नेसलेल्या मुलीच्या तोंडी ती ऐकणाऱ्या प्रेक्षकाला नीरेचे मन त्या घराच्या भिंतींपलीकडे गेलेले आहे हे निराळे सांगावे लागले नसेल.

वकीलबाई : या चित्रपटाचा शेवट कायद्याच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, सर. काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो, ते नीरेला मोकळे करू पाहतात, आणि त्यासाठी त्यांना आत्महत्या करावी लागते. हे केवळ करुण शेवटाचे आकर्षण नव्हे. ज्या जातींत काडीमोडाची रूढी नव्हती, त्यांतल्या हिंदू स्त्रीला त्या वेळी मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदाच उपलब्ध नव्हता. तो १९४७ मध्ये आला आणि सबंध देशाला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. म्हणजे नवरा कितीही पश्चात्तापदग्ध झाला तरी त्याला बायकोची सुटका करता येत नव्हती. दोघांची संमती असूनही दार उघडत नाही, अशा रचनेत कथाकाराला कोणाला तरी मारावेच लागते. नीरेची अडचण स्वभावाची नाही, बाहेर पडण्याच्या वाटेची आहे. दोन वर्षांनी तिची भूमिका करणारी अभिनेत्री करारातून बाहेर पडण्याच्या वाटेसाठीच फाटकाशी बसली.

प्राध्यापक : हे साम्य ऐकायला छान वाटते, पण ते टिकत नाही. नीरेला फसवून बोहल्यावर चढवले होते. शांताबाईंनी प्रभातचा करार डोळस वयात केला, त्यांच्यामागे खमके बंधू होते, आणि त्या कराराने त्यांना दिले ते इतरांना मिळत नव्हते. लग्न आणि नोकरी एकाच मापाने मोजू नयेत. शिवाय भूमिकेवरून नटीचा स्वभाव ठरवणे ही तर आपल्याकडची फार जुनी खोड आहे, तिच्या पायी किती अभिनेत्रींची बदनामी झाली!

या मुद्द्यावर प्राध्यापकांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. नीरा आपल्या उद्दाम सावत्र मुलाला छडीने फोडून काढते, आणि पुढे शांता आपटे यांनी ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांना त्यांच्या कचेरीत जाऊन तसाच प्रसाद दिला, अशी एक आख्यायिका चित्रपटसृष्टीत फिरत आली आहे. ती भूमिकेशी इतकी नेमकी जुळते की, पडद्यावरची छडी लोकांनीच कचेरीत नेऊन पोहोचवली असावी अशी शंका यावी. अशा आख्यायिका अभिनेत्रीला धीट ठरवता ठरवता तिचा विचार पुसून टाकतात, कारण जिच्या हातात छडी आहे तिने पुस्तकही लिहिले होते, हे मग कोणाला आठवत नाही. उपोषणाकडे पाहताना म्हणूनच नीरेला बाजूला ठेवून कराराचा विचार करणे श्रेयस्कर.

वकीलबाई : मग करारच घेऊ. स्टुडिओपद्धती म्हणजे लेखक, वादक, सुतार, रंगारी, नटनट्या या सर्वांना मासिक पगारावर बांधून एकाच आवारात चित्रपट तयार करण्याची पद्धत. तिच्यात नटनट्यांच्या करारात एक नकारात्मक अट असते, म्हणजे अमुक काम करण्याचे वचन नव्हे तर अन्यत्र काम न करण्याचे वचन. या अटीमागचा कायदा गायिकेच्याच प्रकरणातून आलेला आहे. १८५२ साली लंडनमध्ये लम्ली या नाट्यगृहचालकाने योहाना वाग्नर या गायिकेविरुद्ध दावा लावला. तिने त्याच्याकडे गाण्याचा करार केला होता आणि जास्त पैसे मिळतात म्हणून ती दुसरीकडे चालली होती. न्यायालयाने ठरवले की, तिला लम्लीकडे गायला भाग पाडता येणार नाही, परंतु दुसरीकडे गाण्यास मनाई करता येईल. हाच न्याय आपल्याकडे १८७७ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये आला. ठरावीक करार प्रत्यक्षात पाळून घेणे किंवा मनाई हुकूम मिळवणे यांसंबंधीचा तो कायदा आहे, आणि त्यातल्या उदाहरणातही थिएटरात गाण्याचा करार करणारी व्यक्तीच आहे. याचा व्यवहारातला अर्थ काय? गाणाऱ्या माणसाला कोणी गायला लावू शकत नाही, फक्त त्याला गप्प बसवू शकतो. ज्याची मिळकत गळ्यावर आणि वयावर आहे त्याला गप्प बसवणे म्हणजे काय, हे सर, संगीत शिकवणाऱ्याला सांगायला नको.

प्राध्यापक : नको. पंचविशीतला आवाज पस्तिशीत येत नाही.

वकीलबाई : अमेरिकन अभिनेत्री बेटी डेव्हिसने १९३६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध हेच भांडण केले, खटला लंडनच्या न्यायालयात चालला आणि ती हरली. ऑलिव्हिया डी हॅविलंडने त्याच कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा जिंकला तो १९४४ मध्ये, आणि तेव्हा कुठे कराराची सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेतली सातच वर्षे हे ठरले. त्याआधी नटीने भूमिका नाकारली किंवा ती आजारी पडली की तेवढे दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. शांताबाईंचे उपोषण या दोन निकालांच्या मध्ये येते. त्यांच्यापाशी ना तसा कायदा होता, ना संघटना. १९३६ चा वेतन अदायगी अधिनियम प्रामुख्याने कारखाने आणि रेल्वे यांच्यापुरता होता. मग उरले एकच साधन, आणि त्या वर्षी ते साधन साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर होते, कारण मार्च १९३९ मध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते.

प्राध्यापक : गांधीजींचे नाव येथे जपून घ्यावे. स्वतःच्या लाभासाठी केलेल्या उपोषणाला ते दडपणाचाच एक प्रकार समजत असत. आणि प्रभातला गिरणीच्या मापात बसवणे हा तर अन्याय आहे. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले कारागीर; कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात कंपनी उभी केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. हे धनी गादीवर लोळणारे नव्हते. दामले ध्वनीच्या यंत्रापाशी उभे असत, फत्तेलाल हातात कुंचला घेऊन भिंती रंगवीत. या शिस्तीतून ‘संत तुकाराम’ निघाला, ज्याची व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. जेथे धनीच घाम गाळतो तेथे त्याच्या फाटकाशी उपाशी बसणे हे घरातले भांडण चव्हाट्यावर आणण्यासारखे आहे.

वकीलबाई : घरातले भांडण! सर, हे वाक्य या शहरात फार जुने आहे. एम्प्रेस मिलच्या धन्यांनी १८८६ मध्येच कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला घेतली, म्हणजे सरकारने कायदा करण्याच्या कितीतरी आधी. असा धनी देशात दुसरा दाखवा असे म्हणत, आणि ते खोटे नव्हते. तरीही याच गिरणीच्या कामगारांना कामगारनेते रुईकर यांची युनियन लागली, संप करावे लागले. चांगला धनी मिळणे हे नशीब आहे, आणि पगाराचा हिशेब मागणे हा हक्क आहे. पहिल्याने दुसरा फिटत नाही. १९२९ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ट्रेड युनियन काँग्रेस नागपुरातच भरली आणि येथेच फुटली. एप्रिल १९३८ मध्ये तिचे दुभंगलेले गट पुन्हा येथेच एकत्र आले. त्या अधिवेशनात गिरणी, रेल्वे, गोदी यांची चर्चा झाली. पडद्यावर काम करणारी बाई कामगार आहे, असे तेथे कोणाच्या मनातही आले नसणार. पंधरा महिन्यांनी ती पुण्यात एकटी बसली. तिच्यामागे कोणी नव्हते, त्याचे कारण तिचा प्रश्न खोटा होता हे नव्हे, तो कोणत्या रकान्यात लिहायचा हे कोणाला कळले नाही.

प्राध्यापकांनी यावर घेतलेला आक्षेप सहज निकालात निघण्याजोगा नाही. गिरणीतला कामगार एक गेला तर दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, आणि म्हणून त्याला संघटना लागते. अभिनेत्री मात्र आपल्या एकमेवपणावरच पैसे मिळवते, तिचा पगार सुताराच्या कैक पट असतो, तिचे छायाचित्र मासिकांत छापले जाते, आणि तिला कामगार म्हटल्याने खऱ्या कामगाराचे दैन्य पातळ होते, असे त्यांचे म्हणणे. वकीलबाईंनी त्याला दिलेले उत्तर असे, की ज्याची जागा दुसरा घेऊ शकत नाही त्याला धनी सोडतही नाही. बदली कामगाराला हाकलण्याची भीती असते, नटीला अडकवून ठेवण्याची, आणि दोन्ही भीतींचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे करार लिहिण्याची लेखणी एकाच बाजूच्या हाती असण्यात आहे. सुतार आणि नटी यांच्या पगारातला फरक खरा असला, तरी त्या आवारात ज्या वस्तूचा व्यापार चालतो ती दोघांच्या अंगमेहनतीतूनच तयार होते.

‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकाचे महत्त्व येथे लक्षात येते. शीर्षकातला प्रश्न त्या काळच्या सुशिक्षित तरुण-तरुणींचा होता. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बाहेर पडलेले किशोर साहू १९३७ च्या ‘जीवन प्रभात’मधून बॉम्बे टॉकीजच्या पडद्यावर आले, तेव्हा तसाच प्रश्न त्यांच्या मागे किती जणांनी स्वतःला विचारला असेल. अशा पुस्तकात वाचकाला अपेक्षित असते ती यशाची कहाणी किंवा नीतीचा इशारा: या, कला वाट पाहत आहे, किंवा येऊ नका, अब्रू जाईल. शांता आपटे यांनी दोन्ही वाटा सोडल्या. चित्रपट हा धंदा आहे, त्यात भांडवल कोणाचे आहे, मूठभर मालकांच्या हाती सत्ता कशी एकवटते, नटाच्या शरीराची शक्ती कशी खर्ची पडते, थकवा काय असतो आणि करार काय असतो, असे प्रश्न त्यांनी ऐरणीवर घेतले. सिनेमात जाण्याने मुलीच्या चारित्र्याचे काय होईल हा समाजाचा आवडता प्रश्न होता. तिच्या श्रमाचे काय होईल हा प्रश्न त्याच्या जागी ठेवणे ही त्या पुस्तकाची खरी झेप आहे, आणि उपोषणानंतर वर्षभरात ते आले हे पाहिले म्हणजे उपोषण हा रागाचा झटका होता असे म्हणणे कठीण जाते. रागाच्या झटक्यातून अशी मांडणी निघत नाही. ती आधीपासून मनात घडत आलेली असते.

प्राध्यापक : पुस्तकाचे मोल कमी लेखायचे नाही, वकीलबाई. पण कलेच्या बाजूने एक हिशेब मांडावाच लागतो, आणि तो कटू आहे. १९३९ नंतर शांताबाईंना दुसरी नीरा मिळाली नाही. प्रभात सोडल्यावर त्या कोठे कोठे गेल्या पाहा: वाय. व्ही. राव यांच्या १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्यांनी तमिळ शिकून घेतले, आणि त्या चित्रपटात नारदाचे काम एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी केले, पुढच्याच वर्षी लाहोरला ‘जमीनदार’, मुंबईत देवकी बोस यांचा ‘अपना घर’. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई, आणि मग पौराणिक पटांची रांग. या यादीत काम आहे, पण घर नाही. नीरा एकट्या शांताबाईंची नव्हती. ती भोळ्यांच्या कानाची, शांतारामांच्या डोळ्यांची, अवधूतांच्या कॅमेऱ्याची आणि दात्यांच्या त्या अवघड संयमाचीही होती. असा मेळ मासिक पगारावर, एका आवारात, वर्षानुवर्षे एकत्र राहिल्याशिवाय जमत नाही. स्वातंत्र्य मिळाले, मेळ गेला.

वकीलबाई : हा हिशेब खरा आहे, नाकारता येत नाही. कायदा माणसाला फाटकाबाहेर काढू शकतो, बाहेर त्याच्यासाठी स्वरमेळ बांधून ठेवू शकत नाही. परंतु त्या यादीत जे घडले ते एकट्या शांताबाईंचे घडले का? तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, स्वतः शांतारामांनीच प्रभात सोडली. युद्धकाळातला पैसा चित्रपटांत शिरला, स्वतंत्र निर्माते उभे राहिले, आणि नटनट्या पगार सोडून एकेका चित्रपटाचा मोबदला ठरवून काम करू लागल्या. यालाच आज मुक्त कलावंत म्हणतात. शांताबाई त्या वाटेवर आधी चालल्या, म्हणून वाट चुकल्या असे दिसते; मागून सगळी पेठच त्या वाटेने आली.

प्राध्यापक : आणि गळ्याचे काय?

वकीलबाई : ते सरांनीच सांगावे.

येथे प्राध्यापकांनी जो पुरावा दिला तो त्यांच्या स्वतःच्या आरोपाला ढिला करणारा होता, आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे दिला. १९४६ मध्ये मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’ आला. वसंत देसाई यांनी संगीत दिलेल्या त्या चित्रपटात शांता आपटे यांच्या जोडीने एक नवी मुलगी गायली, आणि तिचे नाव लता मंगेशकर होते. पार्श्वगायन, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या नटीसाठी दुसरीने गाणे, ही पद्धत १९३५ पासून हिंदी चित्रपटात शिरली होती. चाळिशीच्या दशकात तिने हात-पाय पसरले आणि पन्नाशीच्या दशकात गाणारी नटी ही जातच पडद्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा, अशी विभागणी एकदा रूढ झाल्यावर, भुवई आणि हरकत ज्यांच्या ठायी एकच होत्या त्या अभिनेत्रीचे खास वैशिष्ट्यच बाजारात निरर्थक ठरले. शांता आपटे यांची उतरती कळा उपोषणाने सुरू झाली असे म्हणणाऱ्यांनी या बदलाकडे पुरेसे पाहिलेले नाही. प्रभातमध्ये राहूनही हे टळले नसते. प्रभातच पुढे टिकली नाही आणि तिच्या आवारात १९६० मध्ये शासनाची चित्रपटसंस्था आली. शांता आपटे १९५८ च्या ‘रामभक्त विभीषण’पर्यंत काम करीत राहिल्या आणि २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत निवर्तल्या.

तरीही प्राध्यापकांचा मूळ आग्रह यामुळे संपत नाही, आणि तो संपू नये. गळ्याची विभागणी तंत्राने केली हे मान्य केले तरी, नीरेसारखी भूमिका पुन्हा लिहिली गेली नाही याचे खापर तंत्रावर फोडता येत नाही. नकार देणारी, आणि नकार देताना गाणारी, नायिका मराठी-हिंदी चित्रपटाने पुढची कैक वर्षे फारशी उभी केली नाही. ती उभी करण्याचे धाडस ज्या स्टुडिओने दाखवले त्याच स्टुडिओच्या फाटकाशी तिला साकारणाऱ्या अभिनेत्रीला बसावे लागले, ही विसंगती दोघांपैकी कोणाच्याही युक्तिवादाने पूर्णपणे उलगडत नाही. पडद्यावरच्या स्त्रीच्या मुक्तीची आस्था आणि पगारपत्रकावरच्या स्त्रीशी वागण्याची रीत या दोन गोष्टी एकाच सज्जन माणसाच्या ठायी सुखाने शेजारी राहू शकतात, एवढेच त्यातून दिसते. आणि हे केवळ प्रभातपुरते खरे नाही.

वकीलबाई : चित्रपट कामगारांसाठी लेखी करार सक्तीचा करणारा कायदा संसदेने १९८१ मध्ये केला, सर. शांताबाईंच्या पुस्तकानंतर एकेचाळीस वर्षांनी. त्या कायद्यात नट आणि वादकही कामगार या व्याख्येत घेतले, अर्थात मिळकतीची मर्यादा घालून. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘कुंकू’ दाखवताना हे पुस्तकही हाती दिले पाहिजे, आणि आधी दिले पाहिजे. म्हणजे पडद्यावर जे दिसते ते कोणत्या अटींवर उभे राहिले, हे ठाऊक असलेल्या डोळ्यांनी ते चित्रपट पाहतील.

प्राध्यापक : आधी नाही. आधी चित्रपट, तोही मराठी आणि हिंदी दोन्ही, एकामागून एक. पुस्तक आधी वाचलेला विद्यार्थी नीरेत फक्त पीडित कामगार शोधत बसेल आणि त्या गाण्यात पार्श्वसंगीत नाही हे त्याच्या कानाला कळणारसुद्धा नाही.

वकीलबाई : दोन्ही आवृत्त्या पाहिल्या की एकच प्रसंग दोनदा केलेला दिसेल.

प्राध्यापक : दिसेल. आणि दोनदा करताना दुसऱ्या वेळी त्यांनी काय बदलले, हेही दिसेल. ते ऐकून झाले की मग पुस्तक.